साखरबाईच्या पदरातले सात तुकडे

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी एकतीस वर्षं कारकुनी केली. उसाची गाडी काट्यावर आली की पाचटाखाली दगड दडवलाय का, मागनं कुणी गाडीला लोंबकळलंय का, हे बघण्यात माझी हयात गेली. पुढं पुढं असं झालं की कुणीही माणूस समोर आला की हा काय दडवतोय, हेच आधी मनात यायचं. त्या सवयीनं कारखान्याचं भलं झालं असेल. माझ्या हातून मात्र जे झालं ते सांगताना लाज वाटते, आणि न सांगता गप्प बसलं तर आणखी वाटते.

ही हकिकत साखरबाई लोंढेची.

आमची ख्रिस्ती मंडळी लहानशी, साठ-सत्तर माणसांची. लासुर्ण्यापासून कोसभर, कालव्याच्या अलीकडं आमचं चर्च. वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, पुढं एक कडुनिंब आणि मागं दफनभूमी. कुणी कारखान्यात, कुणी शाळेवर, कुणी दुसऱ्याच्या उसात कामाला. पाळकसाहेब महिन्यातून एकदा लांबून एसटीनं यायचे. बाकीचा सगळा कारभार चिटणीस म्हणून माझ्याकडं, म्हणजे शांतवन पाटोळेकडं. मंडळीची वही माझ्या कपाटात, शिक्का माझ्या खिशात आणि चर्चची किल्ली माझ्या करगोट्याला. रुबाब काय विचारता!

साखरबाई त्या चर्चची झाडलोट करायची. पगार नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं. तिचा नवरा याकोब कारखान्यात बॉयलरवर होता. तो एकोणनव्वद साली गेला आणि त्याला चर्चच्या मागंच पुरला. त्याच्या डाव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी होती. झाडून झालं की साखरबाई तिथं जाऊन तण उपटायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "ही माजी बरं का. लग्नात डाव्या अंगाला बसले, तितंबी डाव्याच अंगाला." बाईला जगात दुसरं काही नको होतं. खोली भाड्याची, पोरगी लग्न होऊन बारामतीला, शेतीवाडी नाही. तेवढी साडेतीन हात जागा तिची. आणि ती जागा माझ्या वहीवर अवलंबून होती, कारण ज्याचं नाव मंडळीच्या वहीत त्यालाच दफनभूमीत जागा, असा आमचा नियम.

आता साखरबाईचं तोंड. बया बया, काय तोंड होतं! बाई जन्मानं रोमन कॅथलिक, आम्ही नुसतं रोमन म्हणतो. माहेर नगरकडचं. लग्न झालं आमच्यातल्या याकोबशी, म्हणून ती आमची झाली. बाईमाणसानं नवऱ्याची मंडळी धरायची ही आपल्याकडची रीत, तिला कुणी विचारलं नाही. आणि पोरगी विजयमाला, साखरबाईची इजू, नि जावई मानसिंग बारामतीत जाऊन तिसऱ्याच वाटेला लागले. मानसिंग तिथं एमआयडीसीत वेल्डर. तो एका प्रार्थनेच्या गटात जायला लागला. ते लोक स्वतःला 'विश्वासी' म्हणवतात. ढोलकी, टाळ्या, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवणं, आणि बाप्तिस्मा घ्यायचा तो मोठं झाल्यावर, समजून उमजून, पाण्यात पुरतं बुडून. आम्ही तान्ह्या पोराच्या कपाळावर पाणी शिंपडतो, ते त्यांच्या लेखी काहीच नाही.

म्हणजे एका बाईच्या घरात येशू एक आणि तऱ्हा तीन. आणि ही बाई उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर बसून, तीन सुनांच्या हातच्या भाकरीबद्दल बोलावं तसं त्याबद्दल बोलायची.

"माज्या माहेरी क्रूसावर येशू हाय," ती म्हणायची. "खिळं ठोकल्याला, बरगड्या दिसत्यात. बगितलं की पोटात कालवतं. तुमच्यात क्रूस रिकामा."

"रिकामाच असणार, साखरबाई," मी म्हणायचो. "तो तिसऱ्या दिवशी उठला. उठलेल्याला परत लाकडावर कशाला टांगायचा?"

"व्हय की. उठला आन ग्येला. इजूकडं तर क्रूसबी न्हाय, नुसता माईक. तितं त्यो यायला लागलाय. आज यील, उंद्या यील. इजू दाराला कडीसुदिक लावत न्हाय."

"मग यातला खरा कोणता, ते तरी सांगा."

"मला तिन्ही पायजेत, भाऊ. गुडघं दुकाय लागलं की माहेरचा, त्यालाबी दुकतंय म्हनून. याकोबची आटवन आली की तुमचा, उठल्याला. आन दुपारचं घर खायला उठलं की इजूचा, वाटंला लागल्याला."

बायका खो-खो हसायच्या. मी एकदा चिडून विचारलं, "आणि त्या रोमन लोकांसारखं मरियेला मध्यस्थ घालता की नाही?" तर म्हणाली, "आईला मदी घातल्याबिगर पोराकडनं काम हुतंय व्हय? तुमच्या म्हातारीला इचारा." माझी आई तेव्हा होती, आणि लोक खरोखरच तिला गाठून माझ्याकडनं कामं करून घ्यायचे. सगळ्यांना ते ठाऊक होतं. पुन्हा हशा. मी हसलो नाही.

असं चाललं होतं, तोवर चौऱ्याण्णव साल आलं आणि मानसिंगनं आमच्यातली अकरा माणसं नेऊन नीरा डाव्या कालव्यात बुडवली. म्हणजे बाप्तिस्मा दिला हो. आवर्तन चालू होतं, पाणी छातीला, काठावर ढोलकी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या पाळकांनी आमच्या पोरांच्या कपाळावर लावलं ते पाणी नव्हतं तर काय होतं? मी त्याच आठवड्यात पंचांची बैठक घेतली आणि ठराव मांडला. शब्दन् शब्द माझा. 'येशूविषयी व संस्कारांविषयी ज्याचे मत मंडळीच्या मताशी जुळत नाही, त्याचे नाव वहीतून कमी करावे व त्यास दफनभूमीत जागा देऊ नये.' पाळकसाहेब म्हणाले, "शांतवनराव, जरा दमानं घ्या. मेलेल्या माणसावर कसला राग?" मी म्हणालो, "साहेब, काटा सैल ठेवला की सगळेच दगड घालतात." ठराव मंजूर झाला.

मग मी प्रत्येकाची परीक्षा घेतली. हो, परीक्षाच. कडुनिंबाखाली टेबल मांडलं, वही उघडली आणि एकेकाला बोलावून चार प्रश्न. लोक घोकून आले होते. साखरबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई टेबलासमोर शाळेतल्या पोरीसारखी उभी राहिली.

"येशू कोण?"

"देवाचा पुत्र. आपला तारनारा."

"मरियेकडं प्रार्थना करता?"

तिनं मागं दफनभूमीकडं पाहिलं. "न्हाय."

"बाप्तिस्मा किती वेळा?"

"येकदाच. लेकीनं लई इनवन्या केल्या, पन मी कालव्यात उतरले न्हाय, भाऊ. ते तुमी लिवून घ्या."

"प्रभुभोजनातली भाकर म्हणजे काय?"

इथं सांगायला पाहिजे. वधस्तंभावर जायच्या आधी येशूनं शिष्यांना भाकर मोडून दिली आणि म्हणाला, हे माझं शरीर आहे. रोमन लोक म्हणतात, फादरनं आशीर्वाद दिला की ती भाकर खरोखर त्याचं शरीर होते. दिसते भाकर, पण असतो तो. आमची मंडळी म्हणते, असं काही होत नाही. ती त्याची आठवण. भाकर ती भाकरच.

साखरबाईनं टेबलावरच्या उघड्या वहीकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्या वहीत जे लिवल्यालं आसंल, त्येच माजंबी लिवा."

मी हसलो. इतक्या वर्षांत बाई माहेरचं विसरली, असं वाटून मी तिच्या नावापुढं 'आठवण' असं लिहिलं आणि शिक्का मारला. तिनं वाकून विचारलं, "म्हंजे जागा ऱ्हायली न्हवं?" मी म्हणालो, "राहिली." तर बाईनं माझ्या टेबलाच्या पाया पडल्यासारखं केलं. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं.

प्रभुभोजन आमच्यात महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. ब्रेड वालचंदनगरच्या बाजूला इकबालची बेकरी होती, तिथला. शनिवारी माझी बायको सारजा त्याच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायची. द्राक्षारसाच्या ठिकाणी मनुका उकळून गाळलेलं पाणी. उपासना झाली की उरलेला ब्रेड चिटणीसाच्या घरी न्यायचा, अशी जुनी वहिवाट. आम्ही तो चहात बुडवून खायचो, वाळला तर कोंबड्यांना टाकायचो. आठवण करून झाली, ब्रेड उरला, त्यात काय एवढं!

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर ताटं धुवायचं काम साखरबाईनं आपण होऊन अंगावर घेतलं. आणि तेव्हापासून ब्रेड कमी भरायला लागला. सारजा ऐंशी तुकडे करायची. लोक किती आले ते मी मोजायचो. उरायला पाहिजेत वीस, तर ताटात बारा. दुसऱ्या महिन्यात तेच, तिसऱ्या महिन्यात तेच. मी सारजाला म्हणालो, तर ती म्हणाली, "आवं, ब्रेडच्या तुकड्यावर काय जीव लावताय? कोंबड्यास्नी टाकताना कदी मोजलंत का?" पण मी काट्यावरचा माणूस. मला झोप लागेना.

शहाण्णवच्या फेब्रुवारीतला पहिला रविवार. उपासना सुटली. लोक अजून आतच बोलत उभे होते. साखरबाई आतल्या खोलीतनं ताटं पुसून बाहेर आली, आणि तिच्या पदराला गाठ होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "थांबा, साखरबाई. गाठ सोडा."

ती जागच्या जागी थांबली. "भाऊ, घरी जाऊ द्या."

"गाठ सोडा म्हणतो ना! का मी सोडू?"

माझा आवाज पत्र्याखाली घुमला. साखरबाईनं गाठ सोडली. गाठ घट्ट होती, त्यामुळं वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी मंडळी बघत राहिली. पदरात सात तुकडे निघाले, आणि थोडा चुरा.

"चोरी," मी म्हणालो. "प्रभूच्या टेबलावरची चोरी! का केलीत?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. नंतर खिडकीकडं, जिथनं मागची दफनभूमी दिसते. मग सगळ्यांना ऐकू येईल एवढ्यानं म्हणाली, "भूक लागली हुती."

मागं कुणीतरी फसकन् हसलं. एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. आणि मी, मला काय अवदसा आठवली कोण जाणे, ते सात तुकडे तिच्या हातातनं घेतले आणि तिच्यादेखत खिडकीबाहेर भिरकावले. कावळे उतरले. साखरबाईनं डोळे गच्च मिटून घेतले आणि दोन्ही हात छातीशी धरले. मला वाटलं, नाटक करते. म्हणालो, "भूक लागली तर मागायचं. मंडळी काय मेली होती का?"

पंचांनी तिला सहा महिने प्रभुभोजन बंद केलं, ताटांचं कामही काढून घेतलं. नाव मात्र वहीत राहिलं, कारण चोरी हे पाप आहे, पण मताचा दोष नव्हे. ठरावात चोरी येत नव्हती. ती दर रविवारी यायची, सगळ्यात मागं बसायची. पायरीवर बसून बोलायची ती बंद झाली. पोरं तिला ब्रेडवाली आजी म्हणायला लागली. तीन येशूंची गोष्ट परत कुणी ऐकली नाही.

विजयमालेच्या कानावर बारामतीत गेलंच. ती त्याच आठवड्यात पिशवीभर पीठ आणि डाळ घेऊन आली, आणि एसटी स्टँडवर मला बघून मान खाली घालून गेली. मला वाटलं, आईच्या चोरीची लाज वाटली असेल. बरंच झालं, असंही वाटलं. असला मी माणूस.

मग जून-जुलैत सारजानं एक गोष्ट सांगितली. "साखरआक्का दर म्हयन्याला प्रभुभोजनाच्या दुसऱ्या दिवशी मागल्या दारी येती. उरल्याला ब्रेड मागती. मी म्हनलं, आक्का, ताजी भाकरी घिऊन जा, कालवन हाय. तर न्हाय म्हनती. चटनी नगं, भाकरी नगं. तेवडा ब्रेडच पायजे, वाळल्याला आसंल तरी."

"आणि तू देतेस?"

"मंग? उपाशी बाई दारात आल्यावर हाकलू?"

उपाशी बाई ताजी भाकरी सोडून वाळका ब्रेड नेते? माझ्यातला काटेवाला परत जागा झाला. पुढच्या महिन्यात ती आली, ब्रेड घेऊन गेली, आणि मी चपला घालून तिच्या मागं निघालो. सकाळचे अकरा वाजले असतील. ती घराकडं वळली नाही. चर्चच्या मागं गेली, दफनभूमीत. मी भिंतीच्या कडेला उभा राहिलो. तिनं पिशवीतनं पितळेचा तांब्या काढला, पाणी होतं त्यात. ब्रेडचे तुकडे एकेक करून पाण्यात सोडले आणि बोटांनी हळूहळू कुस्करत बसली. चुरा सांडला तो बोटाला थुंकी लावून टिपला, तोही पाण्यात. मग तोंडानं काहीतरी पुटपुटत ते पाणी याकोबच्या कबरीवर, अगदी उशाशी ओतलं.

मी पुढं झालो. "काय चाललंय हे? मंत्र-तंत्र करता की काय?"

ती एवढी दचकली की तांब्या हातातनं पडला. मला बघून तिचा चेहरा पांढराफटक झाला. उठायला गेली, गुडघ्यानं उठू दिलं नाही, तशीच मातीत बसून राहिली.

"भाऊ, लिवू नका," म्हणाली. "पाया पडते तुमच्या. वहीत लिवू नका."

"आधी सांगा काय ते."

"लहानपनी माहेरच्या सिस्टरनी शिकवल्यालं. भाकरीत त्यो आसतो. जिमिनीवर पडू द्यायचा न्हाय, कुनाचा पाय लागू द्यायचा न्हाय. ऱ्हायलंच तर पान्यात इरगळू द्यायचं आन पाय पडनार न्हाय आसल्या मातीत वतायचं. मला दुसरी जागाच ठावं न्हाय. याकोबवर कोन पाय देतंय?"

"पण आमच्या ब्रेडमध्ये काही नसतं, साखरबाई. तुमचे रोमन फादरसुद्धा हेच म्हणतील. आमच्या पाळकांचा आशीर्वाद त्यांना चालत नाही. त्यांच्या मतानं आणि आमच्या मतानं, दोन्हीकडनं तो नुसता इकबालच्या बेकरीचा ब्रेड."

"आसंल," ती म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं. पन एक दिस तुमच्या अंगनात कोंबड्या टोचत हुत्या. मी बगितलं. मला वाटलं, आन आसला त्यो त्यात तर?"

माझ्या डोळ्यांपुढं ती खिडकी आली, आणि कावळे.

"मग त्या दिवशी सगळ्यांपुढं हे का नाही सांगितलंत? भूक लागली म्हणून का सांगितलंत?"

"तुमीच लिवलंय की," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "मत जुळलं न्हाय तर जागा न्हाय. चोराला जागा हाय. मी इचार केला, चोर तर चोर. त्यो खाली वाट बगतोय, भाऊ. सात वरसं झाली."

एवढं ऐकून दगडालाही पाझर फुटला असता. मी काय केलं? म्हणालो, "बरं. मी कुणाला सांगत नाही." आणि त्यावर ती रडली, माझे हात धरून रडली, जसं काही मी तिच्यावर उपकार केले. घरी सारजानं विचारलं, "काय करती आक्का ब्रेडचं?" मी म्हणालो, "खाते."

मी गप्प राहिलो ते तिच्यासाठी, अशी मी दोन वर्षं स्वतःची समजूत घातली. खरं तेवढंच नव्हतं. तिच्या नावावरचा चोरीचा डाग पुसायचा तर आधी माझा ठराव मोडायला पाहिजे होता. मंडळीपुढं उभं राहून म्हणायला पाहिजे होतं की शांतवन पाटोळे चुकला, त्यानं एका बाईला दोन वाटा ठेवल्या, चोर हो नाही तर नवऱ्याला सोड. पंचांची बैठक दर महिन्याला व्हायची. दर महिन्याला मी ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. सहा महिन्यांची शिक्षा संपली, तिला परत प्रभुभोजन मिळायला लागलं. ताट मीच फिरवायचो. ती तुकडा दोन्ही हातांनी घ्यायची आणि माझ्याकडं न बघता तोंडात धरून ठेवायची, चावायची नाही. रांगेतली पोरं कोपरानं एकमेकांना ढोसायची. मी ताट घेऊन पुढं सरकायचो.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात ती बारामतीला लेकीकडं असताना गेली. दम्यानं. मानसिंगनं टेंपो करून आणलं. मला वाटलं होतं तो भांडेल, आमच्या विश्वासी लोकांत पुरतो म्हणेल. पण तो हात जोडून म्हणाला, "सासूबाईंचं एकच मागणं होतं, काका. तेवढं करा." मी वही उघडली. नाव होतं. नावापुढं माझ्याच अक्षरात 'आठवण' होतं. याकोबच्या डाव्या अंगाला खड्डा खणला. विजयमालेनं आईच्या ट्रंकेतला एक अॅल्युमिनियमचा क्रूस आणला होता, त्यावर लहानसा येशू. तो तिनं कुणाला न विचारता आईच्या हातात दिला. मी बघितलं आणि माती लोटायला सांगितलं.

माती लोटल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "चिटणीस, तुम्ही दोन शब्द बोला. तुम्ही जवळनं ओळखत होता."

आता तिला कसलीच भीती नव्हती. मातीत गेलेल्या बाईला कुणी वर काढणार नव्हतं. खरं सांगायला आता कुणाचं काही जाणार नव्हतं, फक्त माझी इज्जत जाणार होती. मी पुढं झालो. सगळी मंडळी समोर, बारामतीची विश्वासी माणसंही. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "आमची भगिनी साखरबाई हिच्याकडनं एकदा चूक झाली होती. परंतु मंडळीनं तिला क्षमा केली होती." लोक म्हणाले, "आमेन."

मी क्षमा केली होती! मी! हे आठवलं की आजही भरल्या घरात माझे कान तापतात.

लोक पांगले. विजयमाला माझ्याजवळ आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार, पोरी."

"आई तेव्हा खरंच उपाशी होती का? मी तिला कितीदा विचारलं. ती नुसती हसायची. आम्ही बारामतीत दोन वेळ जेवत होतो, काका. तिनं चर्चमधला ब्रेड चोरून खावा एवढी वेळ मी तिच्यावर आणली का?"

तेव्हा मला कळलं की एसटी स्टँडवर ती मान खाली घालून का गेली होती. पोरीनं पावणेतीन वर्षं ते ओझं वाहिलं होतं. मला तोंड उघडायचं होतं, नुसतं 'नाही' एवढं म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं की पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि पाळकसाहेब चार हातांवर उभे होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे आता. झालं गेलं." तिनं मान हलवली आणि टेंपोत जाऊन बसली.

याला वर्ष झालं. या वर्षात पहिल्या रविवारी मी ताट फिरवतो, पण स्वतः तुकडा घेत नाही. लोकांना वाटतं, दाढ दुखते. ठराव अजून वहीत आहे. येत्या बैठकीत हा कागद वाचून दाखवायचा आणि ठराव रद्द करा म्हणायचं, असं ठरवलंय. पण मी असं याआधीही पुष्कळदा ठरवून चहा पिऊन परत आलोय, त्यामुळं माझाच मला भरवसा नाही. म्हणून याची एक नक्कल करून ती आज सकाळीच बारामतीच्या पत्त्यावर पोस्टात टाकतोय, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

विजू, तुझ्या घरात पीठ होतं आणि तुझ्या आईच्याही घरात पीठ होतं. तुझी आई उपाशी नव्हती.